थेट कापडावर आखताना
(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. कागदी पॅटर्न न वापरता, मापे घेऊन थेट कापडावर आखून घरच्या घरी कपडे शिवता येतात का, आणि येत असतील तर सुरुवात कुठून करावी, असे त्यांत विचारले आहे. त्यांतील सहा पत्रांना येथे सविस्तर उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मला साधे, सैलसर कुर्ते स्वतः शिवायचे आहेत. मोबाइलवरून पॅटर्न उतरवून, छापून, चिकटवून दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा कुर्ता खांद्यावर बसला नाही. पॅटर्नशिवाय कुर्ता कापता येईल का? माझी छाती ३६ इंच, सीट (नितंबांचा घेर) ४० इंच आणि शोल्डर साडेचौदा इंच आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : अवश्य येईल. आपल्याकडच्या शिवणवर्गांत आणि शिंप्यांच्या दुकानांत वर्षानुवर्षे असेच कापले जाते : टेप, खडू, कात्री आणि वहीत लिहिलेली मापे. माझ्या आईकडे तर खडूही नसे. अंगाच्या साबणाची झिजलेली वडी ती वाळवून ठेवत असे आणि तिच्या पातळ कडेने गडद कापडावर रेघ ओढत असे. ती रेघ पहिल्या धुण्यातच नाहीशी होई. पॅटर्न नको याचा अर्थ माप नको असा मात्र नाही. उलट कागदाचा आधार नसल्यामुळे माप अधिक काळजीपूर्वक घ्यावे लागते.

प्रथम कापड भिजवा. सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून मगच कापायला घ्यावे, कारण आटायचे ते आधी आटून गेलेले बरे. आपल्या मापाला ४४ इंच पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) सव्वादोन मीटर कापड पुरते.

आता घडी. नवशिक्या व्यक्ती हमखास काठाला काठ लावून कापडाची मधोमध घडी घालतात आणि मग बाह्यांना कापड उरत नाही. तसे करू नका. आपल्या सीटचा चौथा भाग १० इंच, त्यात सैलपणासाठी सव्वा इंच आणि शिवणीच्या मायेसाठी १ इंच धरला की सव्वाबारा इंच होतात. म्हणून एका काठाकडून, दुहेरी भाग साडेबारा इंच रुंद होईल एवढीच उभी घडी घाला. उरलेला सुमारे १९ इंचांचा एकेरी पट्टा सलग राहील, त्यातून दोन्ही बाह्या आणि गळ्याची पट्टी निघते. मग त्या दुहेरी भागाची आडवी घडी घालून चार पदर करा, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकदम आखता येईल. कापडावर एकाच दिशेने चढणारी वेल किंवा फुले असतील तर ही आडवी घडी चालत नाही, कारण मागच्या भागावरची नक्षी उलटी येते. तिथे कापड आडवे कापून एक तुकडा फिरवून घ्यावा.

उभी घडी आपल्या डाव्या हाताला आणि आडवी घडी वरच्या बाजूला असू द्या. ४० इंच उंचीच्या कुर्त्यासाठी वरून ४२ इंचांवर खूण करा; यात खांद्याची शिवण आणि खालची दुमड आली. घडीपासून शोल्डरचे निम्मे, म्हणजे सव्वासात इंच, अधिक अर्धा इंच माया. गळ्याची रुंदी घडीपासून ३ इंच. खांद्याच्या टोकाला पाऊण इंच उतार द्या. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या वळणाची, खोली ८ इंच आणि वरच्या शिवणीसाठी अर्धा इंच. त्या रेषेवर छातीचा चौथा भाग ९ इंच, सैलपणाचा सव्वा इंच आणि मायेचा १ इंच मिळून सव्वाअकरा इंच. सीटची रेषा खांद्यापासून अंदाजे २२ इंचांवर येते. ती स्वतःच्या अंगावर मोजून घ्या. तिथे सव्वाबारा इंच. बाजूचा कट (खालपर्यंतची उघडी फट) तिथूनच सुरू होतो.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मला येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिच्यात असते. माया आणि सैलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माया म्हणजे शिवणीत जाणारे कापड. ते अंगाला मिळतच नाही. सैलपणा म्हणजे श्वास घेण्यासाठी, बसण्यासाठी आणि हात वर करण्यासाठी अंगाभोवती राहणारी जागा. चौथ्या भागात ‘दोन इंच जास्त धरले’ असे म्हणून कापणाऱ्या व्यक्तीने त्यातला किती भाग कशासाठी धरला हे ठरवलेले नसते, आणि शिवताना टीप कधी अर्ध्या इंचावर, कधी एका इंचावर पडते. चार बाजूंना अर्धा-अर्धा इंच इकडेतिकडे झाला की छातीत दोन इंचांचा फरक पडतो. म्हणून शिवणीची रेघही खडूने आखा; केवळ कापण्याच्या रेघेवर विसंबू नका.

मुंढ्याचे वळण काढताना पुढच्या भागाचे वळण मागच्यापेक्षा अर्धा इंच अधिक खोल ठेवा, कारण आपले हात बहुतेक वेळा पुढे येतात. चारही पदर आधी मागच्या वळणावर कापावेत आणि नंतर फक्त पुढचे दोन पदर उचलून ती अर्ध्या इंचाची कोर काढावी. बाही कापण्यापूर्वी मुंढा मोजून घ्या. टेप आडवा ठेवला तर वळणावर त्याला सुरकुती पडते आणि माप चुकते. तो कडेवर उभा धरून वळणावरून चालवत नेला की नेमके माप मिळते. बाहीचा वरचा गोल या मापापेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त असावा, त्याहून जास्त नको, नाहीतर खांद्यावर चुण्या पडतात.

पहिला कुर्ता जुन्या चादरीचा शिवा. टीप लांब ठेवा, काज-बटणांचा विचार करू नका, घालून आरशासमोर उभ्या राहा आणि हात वर, पुढे, मागे करून पाहा. जिथे ओढ बसते तिथे खडूने खूण करा आणि तो फरक वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या कुर्त्यापर्यंत आपली वही आपल्याला कोणत्याही छापील पॅटर्नपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : वहीतल्या सूत्रांप्रमाणे मी गेली दोन वर्षे स्वतःचे कुर्ते शिवत आहे, पण माझी छाती ४४ इंच असल्यामुळे असेल, गळा नेहमी खांद्यावरून घसरतो आणि हात वर केला की सगळा कुर्ता वर येतो. चूक कापण्यात आहे की शिवण्यात? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : चूक आपली नाही, सूत्राची आहे, आणि हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अनेक जणी अशा वेळी स्वतःच्या अंगालाच दोष देतात. शिवणवर्गातली सूत्रे छातीच्या मापावरून बाकी सगळी मापे काढतात : मुंढा म्हणजे छातीचा चौथा भाग वजा १, गळ्याची रुंदी म्हणजे छातीचा बारावा भाग. छाती ३२ ते ३८ इंचांच्या दरम्यान असेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. परंतु अंग भरते तेव्हा हाडे रुंदावत नाहीत. आपल्या मापाला सूत्राप्रमाणे मुंढा १० इंच येतो आणि गळा घडीपासून पावणेचार इंचांच्या जवळ जातो, म्हणजे पूर्ण गळा सव्वासात इंचांहून अधिक रुंद होतो. शोल्डर १५ इंच असेल तर खांद्याला धरून ठेवायला प्रत्येक बाजूला चार इंचही कापड उरत नाही, मग गळा घसरणारच.

यावर उपाय म्हणजे तीन मापे छातीवरून न काढता अंगावरून घेणे. शोल्डर पाठीमागून घ्या, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मुंढ्यासाठी टेप खांद्याच्या हाडावरून काखेखालून फिरवा, त्यात दोन बोटे सहज जातील एवढी जागा ठेवा आणि आलेल्या मापाचे निम्मे घ्या. ते माप १७ इंच आले तर मुंढा साडेआठ इंचांचा, दहाचा नव्हे. गळ्याची रुंदी ३ इंचांवर ठेवा आणि खोली हवी तेवढी वाढवा.

हात वर केल्यावर कुर्ता वर येण्याचे कारणही मुंढाच आहे. मुंढा जितका खोल, तितकी हालचाल मोकळी, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. काखेची शिवण काखेपासून खूप खाली गेली की हात उचलताना तो ती शिवण, आणि तिच्याबरोबर कुर्त्याची अख्खी बाजू, ओढून वर नेतो. मुंढा काखेजवळ ठेवला आणि बाही दंडाला पुरेशी रुंद ठेवली की हात मोकळा हलतो.

आणखी एक सुचवते. छाती भरलेली असेल तेव्हा चारही चौथे भाग सारखे ठेवू नयेत. काखेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फक्त पुढचे माप घ्या. ते बहुधा पाठीपेक्षा दोन-तीन इंच जास्त येते. पुढचा भाग त्या पुढच्या मापाप्रमाणे रुंद आणि मागचा पाठीच्या मापाप्रमाणे अरुंद कापा. पुढची उंचीही एक इंच जास्त ठेवावी आणि ती काखेखालच्या आडव्या टक्समध्ये (कापड चिमटीत धरून घातलेल्या निमुळत्या शिवणीत) घ्यावी, म्हणजे कुर्त्याचा घेर समोरून उचललेला दिसणार नाही.

प्रश्न : ब्लाउजही असाच थेट कापडावर कापता येईल का? माझ्याकडे अगदी बरोबर बसणारा एक जुना ब्लाउज आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : येईल, परंतु पहिले वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नये असे मी सांगेन. ब्लाउज अंगाबरोबर बसतो, त्यात सैलपणा नावापुरताच असतो आणि पाव इंचाची चूकही दिसते. कटोरी ब्लाउज तर शिवणकामातल्या सर्वांत अवघड कपड्यांपैकी एक आहे. मापाचा ब्लाउज वापरायचाच असेल तर त्याच्या शिवणी उसवून प्रत्येक तुकडा इस्त्री करून त्यावरून आखा. न उसवता वरूनच खडू फिरवला तर टक्समध्ये गेलेले कापड मोजले जात नाही आणि नवा ब्लाउज छातीवर आवळतो. फार वापरून ताणलेला ब्लाउज यासाठी घेऊ नका.

प्रश्न : दुकानातले तयार परकर धुतल्यावर आखूड होतात आणि चालताना पायांत अडकतात. घरी सहा कळ्यांचा परकर शिवायचा आहे. कळ्या कशा कापाव्यात? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपण फार चांगला कपडा निवडला आहे. कापड वाया न घालवता, केवळ सरळ रेघांवर कसे कापायचे, हे परकराइतके नीट दुसरा कोणताही कपडा शिकवत नाही. शिवणवर्गातला माझा पहिला धडा परकराचाच असतो.

४४ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर पॉपलिन घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे भिजवून आटवून घ्या. परकराची उंची ३८ इंच हवी असेल तर ४० इंच उंचीचे दोन तुकडे करा. त्यातला एक तुकडा पन्ह्यात मधोमध कापला की २२ इंच रुंद आणि ४० इंच उंच असे दोन आयत मिळतात. दुसऱ्या तुकड्यातून असाच एक आयत घ्या. आता प्रत्येक आयताच्या वरच्या कडेवर डावीकडून ७ इंचांवर खूण करा आणि खालच्या कडेवर उजवीकडून ७ इंचांवर. या दोन खुणा एका तिरक्या रेघेने जोडून कापा. दोन तुकडे होतील. एक वर ७ आणि खाली १५ इंचांचा. दुसरा उलटा ठेवलेला, पण फिरवला की अगदी पहिल्यासारखाच. तीन आयतांतून सहा कळ्या निघाल्या आणि टाकायला चिंधीही उरली नाही. उरलेल्या अर्ध्या तुकड्यातून नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, निघतो. निम्म्या कळ्या उलट्या निघत असल्यामुळे एकाच दिशेची नक्षी असलेले कापड परकराला घेऊ नये.

प्रत्येक कळीत दोन्ही बाजूंचा मिळून १ इंच शिवणीत जातो, म्हणून वरचा घेर सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ इंच होतो. तो नाडीने आवळला जातो. खालचा घेर १४ गुणिले सहा, म्हणजे ८४ इंच होतो. एवढ्या घेरात पायऱ्या चढता येतात आणि रिक्षातही सहज बसता येते. सीटच्या जागी कळी रुंदावत गेल्यामुळे ४० इंचांच्या सीटला कुठेही ओढ बसत नाही.

कळ्या जोडताना एक नियम पाळा. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ, म्हणजे उभ्या धाग्यावर असते आणि दुसरी तिरकी. तिरकी बाजू ओढली की लांबते, सरळ बाजू लांबत नाही. म्हणून नेहमी एका कळीची सरळ बाजू शेजारच्या कळीच्या तिरक्या बाजूला जोडावी, म्हणजे सरळ बाजू तिरकीला सावरून धरते. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या तर ती शिवण काही धुण्यांतच खाली लोंबू लागते आणि परकराचा तेवढाच भाग साडीखालून डोकावतो. शिवताना तिरका पदर खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला असू द्या आणि त्याला हाताने ओढू नका.

तिरकी बाजू सरळ बाजूपेक्षा सुमारे पाऊण इंच लांब असते. त्यामुळे कळ्या जोडल्यावर खालची कड करवतीसारखी दिसते, आणि अनेक जणी ती पाहून आपले काहीतरी चुकले असे समजतात. चुकलेले काही नसते. परकर एक रात्र नाडीवर टांगून ठेवा, सकाळी जमिनीपासून सारख्या अंतरावर खडूने खुणा करत गोल फिरा, वाढलेली टोके कापून टाका आणि मगच खालची दुमड घाला. बाजूचा काप नेफ्याखाली सात-आठ इंच ठेवा आणि त्याच्या टोकाला दोनदा उलटसुलट टीप मारा, कारण परकर फाटतो तो तिथूनच.

प्रश्न : लग्नानंतर मी इंग्लंडमध्ये राहते. इथे शिवणकाम करणाऱ्या बहुतेक मैत्रिणी छापील पॅटर्न वापरतात आणि मी आईकडून शिकल्याप्रमाणे थेट कापडावर आखते, याचे त्यांना आश्चर्य वाटते. ही पद्धत कमी दर्जाची आहे का? (एक वाचक, लीड्स)

उत्तर : नाही. ती वेगळ्या परिस्थितीतून आलेली पद्धत आहे. वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकण्याची सुरुवात अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये केली. त्या सुमारास घराघरांत शिवणयंत्रे पोहोचू लागली होती, पाश्चात्त्य कपडे अनेक तुकड्यांचे आणि अंगाबरोबर बसणारे होते आणि ते कापणे घरच्या बाईला शिकवणारे कोणी जवळ असेलच असे नव्हते. कागदाने ती उणीव भरून काढली. आपल्याकडे साडी आणि धोतर न शिवताच नेसत असत. झबले, कुंची, परकर, बंडी हे शिवायचे कपडे बहुतांशी चौकोन आणि कळ्या यांतूनच उभे राहत, आणि ते कापायला आई, आजी किंवा गल्लीतला शिंपी शिकवत असे. जपानी किमोनोही सुमारे १४ इंच रुंदीच्या कापडाचे सरळ आयत कापूनच शिवतात.

कागदाचे गुणही मान्य केले पाहिजेत. कॉलर, कोट, पँट यांसारख्या कपड्यांत आठ-दहा तुकडे एकमेकांशी जुळावे लागतात, खुणा नेमक्या याव्या लागतात आणि एका तुकड्यातली चूक सगळीकडे पसरते. तिथे मी स्वतः खाकी कागदावर आधी आखते. तोच कपडा पुन्हापुन्हा शिवायचा असला तरी कागद वेळ वाचवतो. आपल्या मैत्रिणींकडून पँटचा पॅटर्न वाचायला शिका आणि त्यांना कळ्यांचा परकर कापून दाखवा. त्यांच्याकडे पॅटर्नवरचा पन्हा ६० इंचांचाही धरलेला असतो, म्हणून आपल्याकडून नेलेले ४४ इंची कापड वापरण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या नातीसाठी पूर्ण घेराचा फ्रॉक शिवला, पण घेराची कंबर वरच्या भागापेक्षा जवळजवळ तीन इंच मोठी झाली. नातीची कंबर २१ इंच आहे. हिशेब कुठे चुकला? (एक आजी, रत्नागिरी)

उत्तर : आजी, आपला हिशेब बरोबर होता; शिवणीची माया मात्र उलट्या बाजूला धरली गेली. पूर्ण वर्तुळाच्या घेरासाठी कमरेचे माप ६.२८ने भागावे. २१ इंचांना सुमारे ३.३ इंच येतात, आणि कापडाचे चार पदर करून कोपऱ्यापासून तेवढ्या अंतरावर जे वळण येते ती शिवणीची रेघ होय. आपण त्याच रेघेवर, म्हणजे ३.३ इंचांवर कापले असणार, आणि अर्ध्या इंचाच्या मायेमुळे शिवण ३.८ इंचांवर गेली. इथे मात्र कापड भोकाच्या बाहेरच्या बाजूला असते. त्यामुळे मायेसाठी आतल्या बाजूला सरकावे लागते आणि कात्री २.८ इंचांवर चालवावी लागते. त्रिज्येत अर्ध्या इंचाचा फरक पडला की कंबर तीन इंचांहून थोडी अधिक बदलते, आणि आपल्याला नेमका तेवढाच फरक आढळला आहे.

शिवलेला फ्रॉक वाया गेलेला नाही. कमरेच्या कडेपासून पाव आणि अर्ध्या इंचावर लांब टाक्यांच्या दोन टिपा मारा, खालचे दोरे दोन्ही बाजूंनी हलके ओढून ते तीन इंच सगळ्या घेरात सारखे वाटून घ्या आणि मग वरचा भाग जोडा. एवढ्या चुण्या लहान मुलीच्या फ्रॉकला शोभूनच दिसतात. खालची दुमड मात्र लगेच घालू नका. गोल घेराचे कापड काही ठिकाणी सरळ आणि काही ठिकाणी उरेब (धाग्याला तिरके) येते. फ्रॉक हँगरला लावून दोन रात्री टांगून ठेवा, उरेब भाग जिथे जिथे खाली उतरेल तिथे तो सारखा करून घ्या आणि मग अगदी अरुंद, पाव इंचाची दुमड हातशिलाईने घाला; गोल कडेला रुंद दुमड घातली तर ती पिळली जाते.